सिस्टर, तुमची अर्धी दोरी मी कथेत घेतली

प्रिय सिस्टर,

तुमचा फोन लागत नाहीये, रिटायर होऊन केरळला गेलात एवढंच वॉर्डातून कळलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेलच (मराठी बोलता झकास, पण वाचायचा कंटाळा, माहितीये मला).

आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री तिच्या खाटेशेजारी त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून मी लॅपटॉप बडवायचे, आणि तुम्ही बीपी घ्यायला आलात की विचारायचात, ऑफिसचं काम का गं? शेवटी एकदा सांगून टाकलं की दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय आणि तो फोटो दाखवला. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं बायकांचं मेडिकल कॉलेज. डावीकडे साडीत आनंदीबाई जोशी, माहेर कल्याणचं, वय वीस. मधे किमोनोतली जपानची केई ओकामी, आनंदीपेक्षा सहा वर्षांनी मोठी. उजवीकडे सीरियाची सबात इस्लांबुली. पाश्चात्त्य वैद्यकाची डिग्री घेणाऱ्या आपापल्या देशाच्या पहिल्या बायका म्हणून तिघींची नावं आजही एकत्र घेतात.

फोटो बघून तुम्ही पहिलं काय बोललात आठवतंय? "थंडी वाजत असेल हिला." बास. मी तोपर्यंत बारा पानं लिहिली होती आणि त्यात थंडी कुठेच नव्हती! तिघी पहिल्या भेटीतच जिवलग, आणि स्त्रीशिक्षणावर अशा बोलतात जणू वक्तृत्व स्पर्धेला उभ्या आहेत. तुम्हाला दोन पानं वाचून दाखवली तर तुम्ही सलाइनचा थेंब मोजता मोजता म्हणालात, या पोरी अभ्यास कधी करतात?

मग तुमच्या ट्रेनिंगच्या हॉस्टेलची गोष्ट निघाली. तुम्हाला मराठी येत नाही, रूममेट रत्नागिरीची, तिला मल्याळम सोडाच, इंग्लिशसुद्धा जेमतेम. तुम्ही शिकलेला पहिला मराठी शब्द "ऊठ". कारण नाइट ड्युटीला ती तुम्हाला उठवायची, रोज, न कंटाळता. आणि पहिल्यांदा मयत झाकायची वेळ आली तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती चादरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. सिस्टर, हे तुम्ही इतकं सहज सांगितलंत आणि लगेच सात नंबरच्या आजोबांची बेल वाजली म्हणून पळालात, मी मात्र तिथेच बारा पानं डिलीट केली.

नवीन कथेत त्या फार बोलत नाहीत. एकमेकींना उठवतात. आनंदी केईला स्वतःच्या बाळाबद्दल सांगते, चौदाव्या वर्षी झालेलं, दहा दिवसांत गेलेलं, पण तेही एकाच वाक्यात, नोट्स उतरवता उतरवता (आणि पुढे तिचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता, हे मला मुद्दाम जुळवावं लागलं नाही, ते खरंच तसं आहे).

शेवटावर मात्र अडकले होते. आनंदीला ११ मार्च १८८६ ला डिग्री मिळाली, ती परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पूर्ण नाहीत. केई १८८९ ला पास झाली, सबात १८९० ला. म्हणजे आनंदी गेली तेव्हा या दोघी अजून तिथेच शिकत होत्या. मी त्यांना चांगलं पानभर रडवलं होतं. तुम्ही ऐकलंत, काही म्हणाला नाहीत, आणि डिस्चार्जच्या सकाळी फाइल आणून देताना उभ्या उभ्या सांगितलंत की रूममेट लग्न होऊन गेल्यावर महिनाभर तुम्ही कपडे वाळत घालायची दोरी अर्धीच वापरायचात. उरलेली तिची.

तर सिस्टर, ती दोरी मी घेतली. न विचारता. माझी केई आता तिच्या खोलीत दोरीच्या एकाच टोकाला कपडे वाळत घालते आणि लेक्चरला जाते, तिथे कथा संपते. संपादकांना शेवट तुटक वाटला, मी हट्टाने तसाच ठेवला.

अंक आलाय, तुमची कॉपी बाजूला काढून ठेवलीये. आई बरी आहे, जिने चढते, आणि तुम्ही सांगितलेलं पथ्य अजिबात पाळत नाही. पत्ता कळवा.

तुमची,
दहा नंबरच्या काकूंची मुलगी