ठेव मोडू नका

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, “मुदत ठेव मोडतो, तू बिनधास्त अमेरिकेला पीएच.डी.ला जा.” मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. फोनवर आपलं बोलणं तब्येतीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं, म्हणून लिहायला बसले. ठेव मोडू नका. तिची गरजच नाही.

अमेरिकेत विज्ञानातल्या पीएच.डी.ला घेतलं की बहुतेक विद्यापीठं ट्यूशन फी माफ करतात आणि वर दरमहा पगारासारखी रक्कम देतात. बदल्यात खालच्या वर्गांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, पेपर तपासायचे, साधारण आठवड्याला २० तास; नाहीतर गाइडच्या प्रकल्पावर राबायचं. चैन नाही, पण एका माणसाचं भागतं. विज्ञानात पदरचे पैसे घालून पीएच.डी. करावी लागत असेल तर ती जागा घेऊच नकोस, हे आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खर्च आहे तो अर्जांचा. तीन ठिकाणी नुसती विनंती केल्यावर फी माफ झाली, बाकीची मी माझ्या पगारातून भरली. (विनंती करता येते हेच कुणी सांगत नाही. मोठ्या कॉलेजातल्या मुलांना ते सीनियरकडून आपसूक कळतं.)

बाबांचा दुसरा प्रश्न, “परीक्षा कोणती, कट-ऑफ किती?” तर कट-ऑफ नाहीच. जीआरई नावाची परीक्षा सगळीकडे लागायची, पण गेल्या काही वर्षांत बऱ्याच विभागांनी ती मागणं सोडलंय. मार्क बघतात. त्याहून बारकाईने वाचतात ती ३ शिफारसपत्रं आणि आपण स्वतः लिहिलेलं दोनेक पानांचं निवेदन.

पत्रांनीच मला घाम फोडला. आमच्या विभागात शिक्षक तीन, त्यातले एक निवृत्त होऊन गेलेले. मॅडमचं पत्र नक्की होतं. दुसरं, उन्हाळ्यात आठ आठवडे बाहेरच्या लॅबमध्ये काम केलं तिथलं. तिथल्या सरांनी मला मोजून चारदा पाहिलं असेल. रोज शेजारी बसून शिकवलं ते त्यांच्या पोस्टडॉकने, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर त्यांच्या लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याने. शेवटी मजकूर त्याने लिहिला आणि सरांनी सोबत सही केली. तिसऱ्यासाठी कॉलेजातले एक शिक्षक आनंदाने तयार होते, पण ते लिहिणार काय, तर ‘हुशार, नियमित, वर्गात दुसरी’. असं पत्र असून नसून सारखं. मी आता नोकरी करते तिथल्या लॅबच्या प्रमुख बाईंना भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, “एवढा उशीर का केलास विचारायला?”

निवेदनाची सुरुवात मी ‘लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ’ अशी केली होती. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली. “ही ओढ सगळ्यांनाच असते. तो सरकणारा आकडा लिही.”

तो किस्सा तुम्हाला कधी सांगितलाच नाही. कॉलेजात एकच जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन. एक एन्झाइम (रासायनिक क्रिया जलद घडवणारं प्रथिन) किती वेगाने काम करतं ते मोजत होते, ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात. दर मिनिटाला आकडा टिपायचा. अकरा दिवस वेग रोज वेगळा. मला वाटलं एन्झाइम खराब झालं, दोनदा नवीन तयार केलं. बाराव्या दिवशी वैतागून क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीत) नुसतं पाणी घातलं, तरी आकडा हळूहळू सरकतच होता! दोष मशीनमधल्या दिव्याचा. तो तापून स्थिर व्हायच्या आतच मी मोजायला लागायचे. मग रोज आधी अर्धा तास दिवा लावून ठेवला, दर वेळी पाण्याचं रीडिंग वजा केलं आणि वेग जुळायला लागले. अकरा दिवस एकटीने मशीन अडवून बसायला मोठ्या ठिकाणी कुणी दिलं असतं का, शंकाच आहे.

आई, तू म्हणालीस, “आपल्या एवढ्याशा कॉलेजला तिकडे कोण विचारणार?” थॉमस चेक ग्रिनेल नावाच्या लहानशा कॉलेजातून १९७० मध्ये पदवीधर झाले, त्यांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या, पुढे चेक यांच्याच लॅबमध्ये पोस्टडॉक होत्या. त्यांना २०२० मध्ये नोबेल. आता खरं सांगायचं तर दोन नोबेलवाल्यांनी काही सिद्ध होत नाही, आणि ती कॉलेजं लहान असली तरी तिकडे नावाजलेली. आमचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नसणार. मी १४ प्राध्यापकांना मेल केली, तिघांची उत्तरं आली, त्यातल्या एकाने यंदा विद्यार्थी घेत नसल्याचं कळवलं.

अर्ज सगळे डिसेंबरात गेले. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती, मग निकाल. होकार आला तर १५ एप्रिलपर्यंत आपलं उत्तर द्यायचं. झालं तर पाच-सहा वर्षं जातील. तेवढ्यात तुम्ही दोघं किती वर्षांचे व्हाल, हे मी मोजलंय. त्यावर फोनवर नको, पुढच्या महिन्यात येते तेव्हा समोरासमोर बसून बोलू. नाही झालं तर ही नोकरी आहेच, पुढच्या वर्षी पुन्हा भरेन.

बाबा, पावती कपाटात होती तिथे परत ठेवा. आणि मुदत कधी संपतेय तेवढं बघून घ्या, मागच्या वेळी नूतनीकरण राहून गेलं होतं.

तुमची,
धाकटी