पूर्ण एक मिनिट नाडी धरणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या वरून विचारणा व्हायची, ओपीडीला एवढी गर्दी असताना एका बाईपाशी इतका वेळ कशाला घालवलात म्हणून. ज्यांनी मला खुर्चीवर नीट टेकूही न देता घरी पाठवलं त्यांना असलं कुणी विचारत नाही, पण तुम्हाला विचारतील. दवाखान्याचंही नाव नको. मिरज एवढंच पुरे. तुम्ही वाचलंत तर ओळखालच. सांगलीच्या गावभागात ब्लाउज शिवणारी, खिडकीकडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली ती काकू मी.

निदान अजून झालेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणसं बरी झाली की आभार मानतात. मी मधेच मानतेय, कारण बरं झाल्यावर विसरायला होतं, आणि बरं नाही झालं तर राहूनच जातं.

मला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्यांना कळावं म्हणून सांगते. छातीत सगळं सरळ चाललेलं असतं आणि मधेच एक ठोका गायब होतो. क्षणभर काहीच नाही, मग एक दणका, गळ्यापर्यंत येणारा. कधी एखादाच, कधी ओळीनं चार-पाच, आणि मग दिवसभर काही नाही. शिलाई मशीनचा टाका सुटतो ना, अगदी तसं. ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना माहीत आहे, मिस्त्रीला बोलवावं तर त्याच्यासमोर मशीन असं गुणानं चालतं की आपणच खोटं पडतो. तो चिंधीवर दोन वेळा शिवून दाखवतो, चहा पितो, जातो. आणि त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडला की टाका सुटला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं. पित्ताच्या गोळ्या खाऊन झाल्या, चहा सोडून झाला, रात्रीची आमटी फिकी करून झाली. चहा सोडल्याचं दुःख तेवढं खरं झालं, ठोका चुकायचा तो चुकतच राहिला. मग सांगलीतल्याच एका मोठ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ईसीजी काढला, पट्टीकडं बघितलं आणि माझ्या मिस्टरांना विचारलं, "यांचं वय काय? पाळी चालू आहे का? घरात काही टेन्शन?" मी तिथंच बसले होते हो, त्या दोघांच्या मधे! मिस्टरांना माझी पाळी कधी येते ते कुठलं माहीत, ते माझ्याकडं बघायला लागले. "ईसीजी नॉर्मल आहे, मन रमवा," म्हणाले डॉक्टर. लगीनसराईचे ब्लाउज गळ्यापर्यंत आलेल्या बाईला मन रमवायला सांगत होते.

आता खरं बोलायचं तर पाळी जायच्या वयात छातीत धडधडतं, हे खोटं नाही. माझ्या बहिणीला व्हायचं, थांबलंही. पण असं असू शकतं म्हणून तसंच आहे, आणि तसंच आहे म्हणून बघायची गरज नाही, हा कुठला हिशेब? मागाहून मुलानं फोनवर समजावलं की ईसीजीच्या पट्टीवर दहा सेकंदांचं हृदय उमटतं. दिवसाला लाखभर ठोके पडतात माणसाचे. त्यातले बारा-चौदा बघून मला निकाल दिला होता.

माझ्या जाऊबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही म्हणजे नजर पक्की, म्हणाल्या. हसू नका सिस्टर. सगळ्यांत त्याच बऱ्या म्हणायच्या. काहीतरी आहे एवढं तरी त्यांनी मानलं.

वाईट काय असतं सांगू? चुकलेला ठोका त्या मानानं काहीच नाही. दिवसा मशीनच्या आवाजात तो कळतही नाही. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीतून कानात ऐकू यायला लागतो. मग उजव्या कुशीवर. मग उठून बसायचं. गळ्याशी बोटं लावून मोजायचं, आणि मोजताना नेमका चुकत नाही. शेजारी माणूस घोरत असतो. त्याला उठवून सांगायचं काय, आत्ता एक ठोका पडला नाही म्हणून? पुण्याच्या पोराला कळवलं तर तो रजा टाकून येईल. बरं, सांगून सांगून आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो. असेल बाई टेन्शन. आपल्यालाच काम नको झालंय, असंही मनात आलं, आणि ते मनात आलं त्याचा राग मला अजून आहे.

मिरजेला यायचं ठरलं तेव्हा घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोललं नाही. आमच्याकडं "मिरजेला नेलं" म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही. 1894 साली वानलेस डॉक्टरांनी तिथं मिशनचा दवाखाना उघडला तेव्हापासून या भागाची ही रीत आहे, इकडच्यांचीही आणि कर्नाटकातल्यांचीही. त्या दिवशीसुद्धा माझ्या शेजारी अथणीकडची एक आजी होती. तिच्याशी तुम्ही कानडीत बोललात, तिचा पदर सारखा केलात, आणि मग माझ्याकडं वळलात.

तुम्ही बीपीचा पट्टा लावला, काढला. मशीनवर नाडीचा आकडाही आलेला होता, 76. तो लिहायचा आणि "पुढचे" म्हणायचं, तुमचं काम तेवढंच होतं. मी म्हणाले, "सिस्टर, मधेच ठोका चुकतो हो." आता ते मी सवयीनंच म्हणत होते, देवळातून निघताना घंटेला हात जातो ना, तेवढ्याच सवयीनं. उत्तराची आशा नव्हती.

तुम्ही पेन खिशाला अडकवलंत. माझा हात टेबलावर उताणा ठेवलात, अंगठ्याखाली तीन बोटं टेकवलीत आणि दुसरं मनगट वळवून घड्याळाच्या काट्याकडं बघत बसलात. काही बोलला नाहीत. एक माणूस कागद नाचवत आला, "एक्स-रे कुठं काढायचा?" तुम्ही त्याच्याकडं न बघता तळहात वर केलात आणि तो थांबला. दवाखान्यात माझ्यासाठी कुणी कुणाला थांबवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मला तुमच्याकडं बघवेना, म्हणून मी तुमची बाही बघत बसले. बगलेपाशी पांढऱ्या कापडावर मोतिया दोऱ्याचे टाके होते, हातानं घातलेले, घाईचे. धंद्याची नजर आहे, रागावू नका.

आणि तेवढ्यात छातीत ते झालं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "हं. आत्ता चुकला."

"तुम्हाला पण कळला?"

"काकू, बोटाखालीच आहे की. बोलू नका आता, मिनिट व्हायचंय."

बोटाखालीच आहे की! सिस्टर, हे वाक्य मी त्या दिवसापासून किती जणांना ऐकवलंय. तोपर्यंत तो ठोका माझ्या एकटीच्या छातीत होता, माझ्या एकटीच्या डोक्यात होता म्हणा हवं तर. तुमच्या बोटांना तो लागला आणि तो माझ्याबाहेर आला. आजार तोच, भीती तीच, पण आता त्याला साक्षीदार होता.

तुम्ही मिनिट पुरं केलंत आणि केसपेपरवर बारीक अक्षरात लिहिलंत, नाडी अनियमित, मिनिटात 4 ठोके चुकले. मी विचारलं, एवढा वेळ का? म्हणालात, 15 सेकंद मोजून चारनं गुणलं तर नेमका चुकणारा ठोकाच हिशेबातून निसटतो. इतकं साधं! याला ना मशीन लागतं, ना डिग्री, ना एसी केबिन.

पुढचं सगळं त्या एका ओळीमुळं झालं. आतल्या डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि मग माझ्याकडं बघून, मिस्टरांकडं नाही, मला विचारायला सुरुवात केली. रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं. तेही इतक्या दिवसांत कुणी बघितलं नव्हतं, पित्त मात्र सगळ्यांनी बघितलं होतं. इको ठीक आला. डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक वेळा ठोका चुकत नसतो, उलट घाई करून आधी पडतो. हृदय भरायच्या आतच पडल्यामुळं त्याला जोर नसतो आणि तो मनगटापर्यंत पोचत नाही. मग थोडी विश्रांती होते आणि पुढचा ठोका भरल्या हृदयाचा, म्हणून दणका. असले जादा ठोके बऱ्याच जणांना पडतात आणि बहुतेकदा त्यांनी काही बिघडत नाही. पण सगळी लयच विस्कटत असेल, वरचे कप्पे नुसते थरथरत असतील, तर रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडं जायची भीती, तेव्हा औषध वेगळं. माझं यातलं कुठलं, ते पट्टीवर पकडल्याशिवाय कळणार नाही. चक्कर येऊन पडले, छातीत दुखलं, धाप लागली तर रिपोर्टची वाट न बघता निघून यायचं, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

म्हणून होल्टर लावला. छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला डबी, 24 तास. अंघोळ नाही. पोरानं शोधून सांगितलं की नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसानं हे काढलं, आणि त्याचं पहिलं यंत्र पाठीवर बांधून हिंडावं लागायचं, जवळजवळ 38 किलोचं. माझी डबी ब्लाउजच्या आत लपली. वहीत वेळ लिहायची होती, कधी काय करताना काय जाणवलं. मी इमानदारीनं लिहिलं. 11.20, फॉल लावताना, काही नाही. 4.05, जिना चढून, काही नाही. 7.40, जाऊबाईंशी बोलताना, थोडी धडधड. आणि हृदय तो अख्खा दिवस शाळेत साहेब येणार असल्यासारखं वागलं. आता जास्त दिवसांची पट्टी लावली आहे, तिचा रिपोर्ट यायचाय.

तर मी अजून वाटच बघतेय. ठोका अजून चुकतो, काल रात्रीही चुकला. पण मी उठून बसत नाही. तुम्ही दाखवलं तशी तीन बोटं ठेवते, अंगठा नाही, मिनिट मोजते, वहीत लिहिते आणि झोपते. झोप लागते हो.

माणसं चांगली असतात हे मला नवीन नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा आमच्या गल्लीत होडी फिरत होती. कुठल्या गावचा पोरगा होता देव जाणे, छातीभर पाण्यातून माझं मशीन डोक्यावर घेऊन शेजाऱ्यांच्या माळ्यावर ठेवून गेला. मी त्याला आधी माणसांना काढ म्हणत होते. तो म्हणाला, "मावशी, माणसं काढली सगळी. आता तुमचं पोट काढतोय." पाणी ओसरल्यावर त्याला पुष्कळ शोधला. पण पुरात चांगलं वागणारी माणसं पुष्कळ भेटतात, पूरच तसं वागायला लावतो. साध्या मंगळवारी, दुपारी एक वाजता, बाहेर रांग आणि डबा खायचा राहिलेला असताना चांगलं वागणं मला जास्त अवघड वाटतं. तुमचा डबा टेबलाखाली तसाच होता, मी बघितला.

त्या मोठ्या डॉक्टरांवर माझा राग आहे का? आहे. त्यांना हृदयातलं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, हे मला मान्य आहे. म्हणूनच आहे. त्यांची फी आमच्या घरचा आठवड्याचा बाजार होती, आणि त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला नाही.

आणि एक काम. ती बाही परत उसवणार आहे. नुसता टाका घालून भागायचं नाही, बगलेत कापडच कमी पडतंय, ज्यानं कुणी शिवला त्यानं हात वर करून बघायला लावलं नाही तुम्हाला. दिवसभर सलाइन टांगणाऱ्या बाईची बाही अशी कापायची नसते. रिपोर्ट न्यायला येईन तेव्हा टेप घेऊन येते. मापाला म्हणून एखादा जुना गणवेश पिशवीत घालून ठेवा.

तुमची,
खिडकीकडच्या बाकावरची काकू
गावभाग, सांगली