जुन्या पानाची कडा कापू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही शंभरेक वर्षांपूर्वीच्या पेपरचं एक पान फोटो काढून छापलंत, बघून मस्त वाटलं, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. त्या पानाची डावी कडा कापलीय. तिथे एक चौकट अर्धी राहिलीय आणि तिच्यात फक्त "क्तपणा" आणि "पीने मागवा" एवढंच दिसतं. म्हणजे अशक्तपणावरच्या गोळ्या, व्हीपीने (पोस्टाने, पैसे दारात देऊन) मागवा. अग्रलेख अख्खा ठेवलात आणि गोळ्या कापल्यात!

रिटायर झाल्यापासून मी लायब्ररीत जुन्या फायली चाळत बसतो, तर सांगतो, त्या काळचा पेपर म्हणजे नुसता अग्रलेख नव्हता हो. जामनगरच्या वैद्यशास्त्री मणिशंकर गोविंदजींच्या ताकदीच्या आतंकनिग्रह गोळ्या, मुंबईचं डोंगरे बालामृत, बाटलीवालांचं हिवतापाचं मिक्श्चर, आणि परदेशातल्या बीचमच्या गोळ्या, डॉ. विल्यम्सच्या पिंक पिल्स, हे सगळं बातम्यांच्या मांडीला मांडी लावून. प्लेगच्या साथीत तर एका कॉलमात माणसं पटापट मेल्याची बातमी आणि शेजारी साथीवरचं हमखास औषध. मणिशंकर गोविंदजी तर कामशास्त्राचं पुस्तक फुकट पाठवायचे, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. त्या काळी पोरांना हे कोण सांगणार होतं, ना घरी ना शाळेत, मग पुस्तक मागवायचं, वाचून घाबरायचं आणि गोळ्यांची ऑर्डर टाकायची. मार्केटिंगवाले आज जे शिकवतात ते या वैद्यबुवांना आधीच येत होतं.

आणि हे सगळं चाललं ते पोस्टाच्या जिवावर. 1877 साली आपल्याकडे व्हीपी सुरू झाली, म्हणजे पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, पैसे त्याच्याच हातात द्यायचे. आता कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात ना, तेच. खेड्यातल्या माणसाला डॉक्टर दिसायची मारामार, पण औषध घरपोच. शिवाय लाजेकाजेचा आजार असला तर कुणाला तोंड दाखवायला नको. गिऱ्हाईक बहुतेक कारकून, मास्तर, कॉलेजची पोरं, म्हणजे ज्यांना वाचता येतं तेच. इंग्रज म्हणायचे हिंदुस्थानी माणूस दुबळा, आणि जाहिरात म्हणायची हो आहेसच, घे गोळी.

आत काय असायचं ते गुपित. बीचमच्या गोळ्यांचं सांगतो, 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्या तपासल्या तर निघालं काय, कोरफडीचा बोळ (वाळवलेला चीक), सुंठ आणि साबण! छप्पन्न गोळ्यांच्या डबीत माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा, आणि विक्री एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे साडेतेरा पेनीला. हिशोब करा, शंभरपटीच्या वर जातो. जाहिरातीत मात्र डबीची किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, आहे असं समजा म्हणायचे.

आता पेपरवाल्यांना एकट्याला दोष देत नाही. वर्गणीदार वर्गणी थकवायचे, छापखान्याचं बिल कोण भरणार? अमृतांजन बघा, काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी 1893 साली मुंबईत बाम काढला आणि 1908 ला मुंबईतूनच आंध्र पत्रिका सुरू केली, म्हणजे डोकेदुखीच्या बामवर तेलुगू पेपर उभा राहिला, यात वाईट काय? पण दुसरीकडे गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या इंडियन ओपिनियन या पेपरमधल्या जाहिराती साफ बंद केल्या, पुढे यंग इंडिया आणि नवजीवनही बिनजाहिरातीचेच चालवले. सगळ्यांना ते जमणार नाही हे मलाही कळतं.

सरकारने काय केलं म्हणाल तर फार उशिरा. 1930 ला औषधांची चौकशी करणारी चोप्रा कमिटी, 1940 ला औषधांचा कायदा, आणि जाहिरातींवरचा खास कायदा थेट 1954 ला, इंग्रज जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्यालाही कोर्टात आव्हान मिळालं, युनानी औषधं बनवणाऱ्या हमदर्द दवाखान्याची केस. सुप्रीम कोर्टाने 1959 मध्ये कायद्याचा काही भाग उडवला पण एवढं म्हणालं की मनाई केलेल्या औषधाची जाहिरात म्हणजे काही भाषणस्वातंत्र्य नव्हे.

ज्या आजारांवरच्या औषधांच्या जाहिरातीला त्या 1954 च्या कायद्यात बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे. आणि त्याच रविवारी तुमच्या पान सातवर, खाली डाव्या कोपऱ्यात, "साखर मुळापासून घालवा, आजच फोन करा" ही चौकट मी कात्रीने कापून ठेवलीय. आमच्या घरी एकाने अशीच चूर्णाची बरणी मागवून इन्शुलिन बंद केलं होतं, पुढचे पंधरा दिवस आयसीयूत, कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, पण जाहिरात पेपरमधलीच.

तर माझी मागणी छोटी आहे. जुनी पानं छापताय तर अख्खी छापा, गोळ्या, तेलं, मनगटी पट्टे सगळ्यासकट, लोक बघतील आणि हसतील, मग पान सातकडेही बघतील. आणि त्या कापलेल्या चौकटीचा मूळ फोटो तुमच्याकडे असेलच, जरा बघून गोळ्यांची किंमत काय लिहिलीय तेवढं कळवा, मला फार उत्सुकता लागलीय.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे