भायखळ्याच्या वर्गाबद्दल सरांचे आभार

आदरणीय सर,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आपल्या निरोपाच्या दिवशी मला बोलायला उभे केले, पण दोन वाक्यांपुढे शब्द फुटले नाहीत. म्हणून आज लिहीत आहे, आणि सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे, कारण भायखळ्याच्या त्या सभागृहात पवित्र शास्त्राचा वर्ग घेऊन आपण चार वर्षे काय केले हे आपल्या चर्चच्या मंडळीतल्याही पुष्कळांना नीट ठाऊक नाही.

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पवित्र शास्त्राचा रीतसर अभ्यास करावा असे मनाने घेतले, तेव्हा एका ठिकाणी चौकशी केली. वसतिगृहात पूर्णवेळ राहावे लागेल, शिक्षण इंग्रजीतून असेल, आणि पाळकीय सेवेत, म्हणजे चर्चचे धर्मगुरू म्हणून, यायचे नसेल तर या शिक्षणाचा उपयोग काय, असे मला सांगण्यात आले. पाळीची नोकरी, कल्याणचे घर आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई सोडून मी कुठे जाणार होते?

ही अडचण माझ्या एकटीची नाही, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितले. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढेही, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयापुढेही, हाच प्रश्न होता. खेड्यांतल्या मंडळ्या प्रत्यक्षात सांभाळणारी माणसे संसारी होती, शेतीत गुंतलेली होती, त्यांना घरदार सोडून शिकायला येणे शक्य नव्हते. म्हणून १९६३ पासून शिक्षणच त्यांच्याकडे जाऊ लागले. याच पद्धतीने काम करणारी टॅफ्टी ही संस्था भारतात १९७१ साली सुरू झाली. पाठ घरी स्वतः वाचायचा, आठवड्यातून एकदा गटात बसून त्यावर बोलायचे, आणि शिकलेले लगेच मंडळीत, घरात, कामावर वापरून पाहायचे, अशी ती रीत. आपण दिलेल्या पाठांतली उत्तरे झाकायला मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पट्टी केली होती. रात्रपाळी संपवून परतताना लोकलच्या बायकांच्या डब्यात, आधी आपले उत्तर लिहायचे आणि मगच पट्टी खाली सरकवायची, असा माझा अभ्यास झाला.

आणि तो मराठीत झाला, याचे मोल मला फार वाटते. सामान्य बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी भाषांतर पुरे केले, हे मी आपल्याकडूनच प्रथम ऐकले. त्या दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या बाई ताठ होऊन बसल्या, ते मला आजही दिसते.

पण मुख्य आभार बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाबद्दल मानायचे आहेत. बेचाळीस अध्यायांच्या त्या पुस्तकावर आपण तब्बल अकरा रविवार घेतलेत. मुलेबाळे आणि सारे काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते बोलू लागल्यावर मात्र त्यांनी दुःखाची कारणे सांगितली, आणि शेवटी देवाचा कोप ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर झाला. हे वाचून मी हादरले, कारण इतकी वर्षे वॉर्डात मी त्या मित्रांचेच काम करत आले होते. मूल गेलेल्या आईला ‘देवाची इच्छा’ असे सांगून मी पुढच्या खाटेकडे वळत असे, आणि यालाच विश्वास समजत असे.

त्याच पावसाळ्यात पहाटे एका मुलीची आई जिन्यात बसून होती. मी तिच्याजवळच्या पायरीवर बसले आणि काहीही बोलले नाही. बऱ्याच वेळाने तिने माझा हात धरला आणि मुलीचे नाव सांगितले. आपल्याला हे मी कधी सांगितले नव्हते. ईश्वरविज्ञान, म्हणजे देवाविषयीचे हे शिक्षण, पाळकांपुरतेच असते, तर त्या जिन्यात मी पुन्हा तेच वाक्य म्हणाले असते.

सर, येत्या महिन्यापासून कल्याणला आमच्या घरी आठ जणांचा गट बसणार आहे. त्यांतले दोघे रिक्षा चालवतात, म्हणून वेळ रात्री साडेनऊची ठेवली आहे. आपल्या हस्ताक्षरातल्या टिपणांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आहेत, आणि पुठ्ठ्याच्या आठ पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.

आपली विद्यार्थिनी,
कल्याण