चि. ओंकारला, पार्श्वसंगीताच्या यादीसोबत

सांगली, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू लोकलमध्ये ऐकायला पार्श्वसंगीताची यादी मागितलीस, ती पाठवतेय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर यादी नीट सांगून होत नाही आणि तू नुसता हो हो म्हणतोस. कानाच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. डाव्या कानाची रेघ 4000 हर्ट्झपाशी खाली उतरलीय आणि 8000 ला पुन्हा वर आलीय. मोठ्या आवाजाचा मार कानाला बसला की खड्डा नेमका तिथेच पडतो, म्हणून डॉक्टरांनी लगेच तुझ्या ढोल-ताशा पथकातल्या ताशाबद्दल विचारलं. त्याविषयी आज लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय. आज फक्त संगीत.

सुरुवात 'पथेर पांचाली'पासून कर. 1955 चा चित्रपट, संगीत रविशंकरांचं. बरंचसं एकाच सलग बैठकीत ध्वनिमुद्रित झालं. काही ठिकाणी सतार छायालेखक सुब्रत मित्र यांनी वाजवलीय. मुख्य धून बासरीवर येते तेव्हा तू आपोआप थांबशीलच, ती सांगायला नको. मी सांगतेय ती जागा पुढे, हरिहर परगावाहून घरी येतो तिथे आहे. मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तो पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवतो, शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो. ती साडी तोंडात धरते आणि कोसळते. तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई येते, दक्षिणामोहन टागोरांनी वाजवलेली, पटदीप रागात, वरच्या पट्टीत. एस्राजसारखंच गजाने वाजवायचं वाद्य, पण त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला असतो, म्हणून आवाज बारीक, धारदार, थोडा अनुनासिक होतो. गज तारेवर फिरताना जो खरखरीत कण लागतो ना, तोच काळजात जातो. माणसाचा आवाज तिथे ठेवला असता तर आपण फक्त सर्वजयाला रडताना पाहिलं असतं. वाद्य ठेवल्यामुळे ते रडणं आपल्याच घशात येतं.

तो कण कुठून येतो माहीत आहे? मूळ सुराच्या वर जे उपस्वर असतात, दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, त्यांतून. संतूरचा टोला, गजाची खरखर, बोलण्यातले स, श, त, फ, सगळं त्याच भागातलं. तुझ्या रिपोर्टातला खड्डा तिथेच आहे. आज तो लहान आहे, ऐकण्यात तुला काहीच फरक जाणवत नाही, हे मला कळतं. पण हे नुकसान अंधारी येऊन पडल्यासारखं होत नाही. आधी धार जाते, सूर राहतो, आणि ज्याची धार गेली त्याला वाटतं हे रेकॉर्डिंगच असं आहे. नानांना शेवटी शेवटी सगळे पुटपुटतात असं वाटायचं.

बघ, पुन्हा तिकडेच गेले. पुढचं सांगते.

'कानून' बघ, 1960 चा. त्यात एकही गाणं नाही. त्या काळी हे धाडसच होतं. संगीत सलील चौधरींचं. गाणी नसल्यामुळे सगळा भार पार्श्वसंगीतावर आहे, त्यामुळे शिकणाऱ्याला हा चित्रपट फार उपयोगी. संगीत कुठल्या शब्दावर शिरतं आणि कुठल्या नजरेवर निघून जातं एवढंच टिपत जा. शिरणं सगळ्यांच्या लक्षात येतं, निघून जाणं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खरं कसब निघून जाण्यात असतं. त्याच वर्षीचा 'सायको' त्याच्याशेजारी ठेव. बर्नार्ड हरमननी त्यात तंतुवाद्यांखेरीज एकही वाद्य घेतलं नाही. ना ढोल, ना पितळी वाद्यं. तरी अख्खी भीती उभी राहते. हिचकॉकना त्या न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीत नकोच होतं, हरमननी लिहून ऐकवलं तेव्हा त्यांनी मत बदललं. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या इअरफोनवर मोठ्याने ऐकू नकोस. नेमक्या त्याच पट्टीत बोचतात.

आता इटलीचे संगीतकार मॉरिकोने. तुला आवडतातच. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' 1966 चा, त्यातला 'एक्स्टसी ऑफ गोल्ड'. सुरुवातीला एकटा पियानो, मग कोर आंग्ले हे ओबोसारखं फुंकून वाजवायचं वाद्य, मग एड्डा देल'ओर्सोंचा शब्दांविना आवाज, आणि तिथून वाद्यवृंद चढत चढत शेवटी पूर्ण भरतो. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण पार्श्वसंगीत ऐकणाऱ्यांचे कान गाणी ऐकणाऱ्यांपेक्षा यानेच जास्त बिघडतात. सुरुवातीचा पियानो हळू असतो, लोकलमध्ये तो ऐकू येत नाही, म्हणून माणूस तिथे आवाज वाढवतो. दोन मिनिटांनी सगळा वाद्यवृंद त्याच पातळीवर कानात शिरतो आणि तेव्हा बटणाकडे हात जात नाही, कारण ऐकण्याची मजाच त्या क्षणी असते. म्हणून उलटं कर. आधी तुकड्याच्या शेवटावर जा, सगळ्यात भरलेल्या जागी आवाज लाव, सुखद वाटेल आणि शेजारच्याचं बोलणं अंधुक कळेल इतका. मग सुरुवातीला ये. पियानो ऐकू येत नसेल तर तो तुकडा लोकलमध्ये ऐकायचा नाही, खोलीवर ऐकायचा. लोकलसाठी एकसारख्या पातळीचं काहीतरी ठेव.

आणि इअरफोनच्या टिप्स. डबीत तीन मापांच्या येतात, सगळेजण मधलीच लावून मोकळे होतात. तुझे दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढ, टिप फिरवत आत बसव, मग हुंकार भर. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर टिप बसली. घुमला नाही तर फट आहे, त्या फटीतून खर्ज गळतो आणि गाडीचा आवाज आत येतो, आणि आपण दोन्हीची भरपाई आवाज वाढवून करतो. नॉइज कॅन्सलिंग चालू ठेवायला हरकत नाही, गाडीची आणि पंख्याची सलग घरघर ते छान कापतं, पण माणसांची बडबड त्याने फारशी कमी होत नाही. ती बुडवायला जाऊ नकोस.

फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोन सेफ्टी म्हणून भाग आहे, तिथे मोठा आवाज अडवायचं बटण आहे, 75 पासून 100 डेसिबलपर्यंत. 80 वर ठेव. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की 80 ला आठवड्याचे 40 तास चालतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 83 ला वीस तास, 86 ला दहा, 89 ला पाच. 95 ला सव्वा तास, तोही आख्ख्या आठवड्याचा. डोंबिवलीहून जाऊन येऊन तुझे रोजचे दोन तास धरले तर पाच दिवसांत दहा तास नुसत्या प्रवासातच होतात. म्हणजे 86 च्या वर गेलास की शुक्रवारपर्यंत वाटा संपलेला, आणि शनिवारी पथकाचा सराव.

हे व्याख्यान झालं, माहीत आहे. पथक सोड असं मी म्हणत नाहीय. विसर्जनाचा तुझा व्हिडिओ मावशीने सगळ्यांना पाठवलाय. पहिल्या रांगेत तू, हात कसे सुटे चालतायत, लय जराही धावत नाही. लहानपणी डब्यावर वाजवायचास तेव्हाही तुझी लय कधी धावायची नाही. बाबांनी तीनदा लावला तो व्हिडिओ आणि काही बोलले नाहीत, यावरून काय ते समज. मी एवढंच म्हणते की वादकांसाठीचे इअर प्लग मिळतात, पंधरा-वीस डेसिबल सगळीकडे सारखे कमी करणारे. साधे फोमचे घेऊ नकोस. ते वरचे सूर जास्त खातात, मग ताशा मातीत वाजल्यासारखा लागतो आणि पोरं अर्ध्या तासात काढून खिशात टाकतात. ताशा गळ्यात असतो, धातूचा असतो, काड्यांचा टोला सुटा असतो. ढोलापेक्षा कानाला तोच वाईट.

'शोले' यादीत ठेवलाय, पण एक अडचण समजून घे. आपल्याकडे गाणी बाजारात येतात, पार्श्वसंगीत बहुधा येत नाही. 'शोले'च्या संवादांची तबकडी घरोघरी वाजायची, पण जयचा माउथ ऑर्गन हवा असेल तर चित्रपटच लावावा लागे. आर. डी. बर्मन यांचं संगीत, माउथ ऑर्गन भानू गुप्तांचा. राधा एकेक कंदील मालवत जाते आणि तो बाहेर बसून वाजवतो. धून किती थोडी आहे बघ, आणि दोन वाक्यांच्या मधे किती जागा सोडलीय. चित्रपट एकदा सरळ पाहा. दुसऱ्यांदा स्क्रीन पालथी घालून तेवढीच दहा मिनिटं ऐक. लॅपटॉपवर संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत अंगावर येतं असं झालं तर ऑडिओच्या पर्यायात 5.1, म्हणजे अनेक स्पीकरांसाठीचा आवाज, निवडलेला असतो, तो स्टिरिओ कर. 5.1 मध्ये संवाद मधल्या वाहिनीत असतात, आणि दोन इअरफोनवर ते नीट उतरले नाहीत की आपण सगळंच वाढवत बसतो.

वनराज भाटियांचं काम सवडीने ऐक, 'अंकुर', 'भूमिका', मग 'तमस'. मुंबईचा माणूस, लंडन-पॅरिसला शिकून आलेला, आणि किती कमी वाद्यांत काम भागवायचं हे त्यांना कळत होतं.

आणि 'सैराट'. अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं, ते तुला पाठ आहे. पण तू मला कधी शेवटाबद्दल बोलला नाहीस. एवढा वाद्यवृंद हाताशी असताना शेवटी ते लेकरू आत येतं, बाहेर पडतं, पावलं उमटतात, आणि आवाजच नाही. कसलाच नाही. थिएटरमध्ये शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. ती शांतता सगळ्या चित्रपटाची किंमत वसूल करते. ओंकार, मला भीती वाटते ती याची. तू म्हणालास, रात्री गादीवर पडलो की कानात शिट्टी वाजते. म्हणजे तुला शांतता मिळतच नाहीय. ती जागा तुला पूर्ण ऐकू यायला हवी रे, तिच्यात शिट्टी नको.

रात्री अगदी सामसूम करून झोपू नकोस. तानपुरा किंवा पावसाचा आवाज शिट्टीच्या किंचित खालच्या पातळीवर लावून ठेव, खोलीतल्या स्पीकरवर, कानात घालून नाही. शिट्टी बुडवायची नाही, तिच्याकडचं लक्ष हटवायचं असतं. पुष्कळांची अशी शिट्टी हळूहळू मंदावते, म्हणून सारखं तपासत बसू नकोस. पुढची तपासणी असेल त्याच्या आदल्या दिवशी सराव नको, लोकलमध्ये इअरफोन नकोत, नाहीतर रेघ थकलेल्या कानाची येते, खरी येत नाही. जुना रिपोर्ट सोबत ने, शेजारी ठेवून तुलना करायला सांग. कानात काडी घालू नकोस, मळ आत जाऊन बसतो.

फार लिहिलं. तुला सगळं कळतं, स्वतः जाऊन तपासून आलास, मला न लपवता फोटो पाठवलास, याचं मला किती बरं वाटलं ते मी फोनवर सांगितलंच नाही. लाडू मावशीकडे दिलेत, ती गुरुवारी येतेय.

तुझी,
आई

ता. क. एखाद्या सकाळी एक कान अचानक दडल्यासारखा वाटला, सर्दी नसताना, तर दोन दिवस वाट बघायची नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतात. सुट्टी नाही मिळाली तरी जायचं. मला फोन नंतर कर.