'पास आउट' झालीस म्हणजे नेमकं काय झालं?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा रेझ्युमे वाचला. छान जमलाय, पण शिकागोला पाठवायच्या आधी पहिली ओळ बदल: 'आय पास्ड आउट इन 2023'. आपल्याकडे हे कुणालाच खटकत नाही. नोकरीच्या जाहिरातीतसुद्धा '2023 पासआउट' असं सर्रास छापतात. अमेरिकन माणूस मात्र हे वाचून म्हणेल, बिचारी 2023 साली चक्कर येऊन पडली होती वाटतं! तिकडे 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणं. कुणी उन्हात पास आउट होतो, कुणी रक्त बघून, आणि पार्टीत जास्त झाली की सोफ्यावर.

आपला अर्थ अगदीच निराधार आहे असंही नाही. ब्रिटिश इंग्रजीत सैन्याचं किंवा पोलिसांचं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं म्हणजे 'पास आउट'. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, तो हाच अर्थ. तिथले कॅडेट शेवटी संचलन करत खरोखरच मैदानाबाहेर पडतात. आपण तो कॉलेजला लावला, एवढंच. (तुमच्या कॉलेजात संचलन सोड, वर्गात वेळेवर येण्याचीच बोंब!)

अमेरिकेत तिसराही एक अर्थ चालतो, वाटप करणं. बाईंनी पेपर वाटले, तर 'शी पास्ड आउट द पेपर्स' किंवा 'पास्ड द पेपर्स आउट', दोन्ही बरोबर. पण 'पेपर्स'च्या जागी 'देम' आलं की ते मधेच बसवायचं: 'पास्ड देम आउट'. 'पास्ड आउट देम' म्हणायचं नाही. बेशुद्ध पडण्याच्या अर्थात कर्मच नसतं, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. आणि 'पास अवे'च्या वाटेला तर जाऊच नकोस, ते थेट देवाघरी जाणं.

तेव्हा लिही, 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम', पुढे कॉलेजचं नाव, मग 'इन 2023'. 'फ्रॉम' गाळू नकोस. नुसतं 'पास्ड बी.ई.'ही नको; इंग्रजीत परीक्षा पास होतात, पदवी मिळवतात. मैत्रिणींशी बोलताना मात्र खुशाल पासआउट म्हण, तिथे 'ग्रॅज्युएटेड फ्रॉम' म्हणालीस तर हसतील.

सोबतच्या ईमेलच्या शेवटी 'प्लीज रिव्हर्ट' आहे, तेही काढ. तिकडे त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा घेतील. 'रिप्लाय' पुरे. सुधारलेली प्रत रात्री जेवणाआधी पाठव, बाबांनाही बघायची आहे.

तुझी,
आई