आत्याची एकादशी

फलटण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलणार होते. दोनदा विषय काढला आणि दोन्हीदा तू म्हणालीस, "आई, ते सोडून बोल." म्हणून लिहायला बसले.

घरच्या ग्रुपवरून तू बाहेर पडलीस त्याला आता पंधरा दिवस झाले. आत्यांनी पाठवलेला तो मेसेज मी पुन्हा वाचला. नासाने एकादशीच्या उपवासावर संशोधन केलं म्हणे. खोटाच होता तो, त्यात मला काही शंका नाही. तू खाली तीन लिंका दिल्यास आणि लिहिलंस, "शिकलेल्या माणसांनी तरी असलं पुढे पाठवू नये." अर्ध्या तासात आत्यांचा दादा तुटून पडला. "आपल्याच धर्मावर तोंड चालतं तुझं, त्यांच्याबद्दल बोलून दाखव." पुढचं मी इथे लिहीत नाही. लहान बहिणीशी बोलायची ती भाषा नव्हती आणि हे मी त्याला घरी बोलावून स्पष्ट सांगितलं आहे.

तू मला विचारलंस, "मी देवाला काही बोललेच नाही, मग एवढा राग कशाचा?" त्या प्रश्नाला मला उत्तर द्यायचं आहे.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. आत्या लग्न होऊन सासरी गेल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. खटल्याचं घर, दोन्ही वेळच्या चौदा माणसांच्या भाकरी. माहेरी यायचं तरी सासूबाईंच्या मर्जीवर. एकादशीच्या संध्याकाळी मात्र त्यांना देवळात कीर्तनाला जाता येई, कारण विठ्ठलाचं नाव निघालं की सासूबाईंचंही काही चालत नसे. महिन्यातून दोन संध्याकाळी त्या बाहेर बसायच्या, चार बायकांशी बोलायच्या, टाळ ऐकायच्या. पापड लाटता लाटता त्यांनी हे मला सांगितलं होतं, खूप वर्षांपूर्वी. कीर्तनात दादा त्यांच्या मांडीवर झोपलेला असायचा. एकादशी म्हणजे काय, हे त्याला त्या मांडीवरून माहीत आहे.

उपवासाने शरीराला काय होतं, हा आत्यांचा प्रश्न कधीच नव्हता. आपण जन्मभर जे सांभाळलं त्याला बाहेरचं कुणीतरी मोठं माणूस मान देतंय, एवढंच त्यांना त्या मेसेजमध्ये दिसलं आणि त्यांनी तो पुढे पाठवला. तू तो दावा खोडलास. दादाला मात्र ऐकू आलं की त्याची आई अडाणी आहे, आणि तेही त्रेचाळीस माणसांसमोर, ज्यांत त्याच्या सासरचीही माणसं आहेत.

धर्माचा विषय निघाला की इतकं लागतं ते यामुळेच, असं मला वाटतं. धर्म बहुतेकांना पोथीतून मिळत नाही. आजीच्या हातून मिळतो, सणाच्या स्वयंपाकातून मिळतो, कुणाच्या तरी मरणाच्या वेळी धीर देणाऱ्या शब्दांतून मिळतो. त्यावर कुणी बोट ठेवलं की माणूस आधी घराकडे बघतो. "त्यांच्याबद्दल बोलून दाखव" हे दादाचं वाक्य मला आवडलं नाही, पण त्यामागे भीती आहे. चारचौघांत फक्त आपलीच लाज काढली जातेय आणि परके हसतायत, ही भीती. ती सगळ्यांकडे आहे. मी शाळेत शिकवायचे तेव्हा आमच्या मुस्लिम सहकारी बाई अगदी हेच वाक्य उलट्या बाजूने म्हणायच्या.

आपल्या माणसाने देवाला बोललेलं मात्र चालतं. जनाबाईने विठ्ठलाला 'विठ्या' म्हणून काय काय ऐकवलंय! वारीत लोक ते टाळावर गातात, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. कारण बोलणारी त्याच्या घरची आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. मोबाइलवर ते कळायची सोय नाही. तुझा आवाज त्यात नाही, आषाढी वारीची पालखी आली की वारकऱ्यांना चहा देत फिरणारी तू त्यात नाहीस. तीन लिंका आणि एक वाक्य, एवढीच तू तिथे होतीस.

आता माझं सांगते. मागच्या वर्षी एका कीर्तनकाराच्या व्हिडिओखाली कुणीतरी वारकऱ्यांना 'रिकामटेकडे' म्हटलं होतं. मी त्या माणसाला फार वाईट लिहिलं. त्याच्या आईबापांचे संस्कार काढले. मग रात्री अकरापर्यंत पुन्हा पुन्हा फोन उघडून किती अंगठे आले ते मोजत बसले. एकेक अंगठा आला की बरं वाटायचं. त्या माणसाला काही पटवून द्यायचं माझ्या मनात उरलंच नव्हतं, मी बघणाऱ्यांसाठी लिहीत होते. सकाळी ते पुसलं, पण ती गोडी मला आठवते आणि तिची मला भीती वाटते. २०१७ च्या सुमारास फेसबुकने पोस्ट वर ढकलताना रागाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. ते वाचलं तेव्हा मला ती रात्र आठवली.

भांडण नव्याने आलेलं नाही गं. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. बी.ए.ला असताना तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मी दचकले होते. त्यातला हिंदू आणि तुर्क, म्हणजे मुसलमान, एकमेकांच्या शास्त्रांची, देवांची, आचारांची अशी चिरफाड करतात की आज कुणी तसं लिहिलं तर गुन्हा दाखल होईल. आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. पूर्वी मला तो शेवट खोटा वाटायचा. आता वाटतं, त्या दोघांनी एक गोष्ट केली जी तू आणि दादाने केली नाही. दोघंही शेवटपर्यंत थांबले. समोरच्याचं उत्तर ऐकून घेतल्याशिवाय तिथून कुणी हलत नाही.

समोरासमोर बोललं की सगळे निवळतात, असं मी म्हणत नाही. आपल्या साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांनी १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम केलं, गावोगाव सभा घेऊन लोकांशी बोलत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी माझ्याने वर्गात शिकवणं झालं नाही. तेव्हा प्रत्येकाच्या रागामागे दुखावलेली आई शोधत बसू नकोस. अनोळखी माणसं तुला बाई म्हणून घाण लिहितात, धमक्या देतात, त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यायची, मी येईन तुझ्याबरोबर. पण दादा त्यांच्यातला नाही. तुला सायकल त्याने शिकवली आहे.

खोट्याला खोटं म्हणणं सोडू नकोस. ते सोडलंस तर मला वाईट वाटेल, मी तीस वर्षं मुलांना तेच शिकवलं. फक्त आत्यांना ग्रुपवर सांगण्याआधी फोन केला असतास तर त्यांनी तुला मांडीवरची ती कीर्तनं सांगितली असती, आणि मग कदाचित विचारलंही असतं, "बाळे, खरं काय ते कसं ओळखायचं?"

परवा त्या मला विचारत होत्या, "पोरगी माझ्यावर रागावली का?" त्यांना टाइप करायला जमत नाही, पुढे पाठवायचं बटण तेवढं येतं. दुपारी दोननंतर त्या मोकळ्या असतात.

तुझी,
आई